खारफुटी आणि समुद्री गवत: सारखे येणारे प्रश्न

खाडीवर लोकांना फिरवायला नेलं की जागेवर आणि नंतर आठवडाभर मेसेजवर जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एका जागी टाकलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे भांडणाचे. एकात दुसऱ्याचा विषय आला की नंबर दिलाय, तिकडे बघा, तेच तेच परत लिहीत बसलो नाही.

१. खारफुटी म्हणजे नेमकं कुठलं झाड?

एक झाड नाही. भरतीच्या पाण्यात आणि खाऱ्या चिखलात तग धरणारी वेगवेगळ्या कुळांतली झाडं-झुडपं, त्या सगळ्यांना मिळून खारफुटी किंवा कांदळवन म्हणतात. आपल्या खाड्यांत सगळ्यात जास्त दिसतं ते तिवर, मग कांदळ, चिप्पी, काजळा, आणि काठाकाठाने काटेरी पानांची, जांभळट फुलांची मारांडी. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे, आंब्याला राज्यवृक्ष म्हणून सगळे ओळखतात, हिला कोणी विचारत नाही. २०२१ च्या वन सर्वेक्षण अहवालात देशभरात ४,९९२ चौरस किलोमीटर खारफुटी धरलीय, त्यात पश्चिम बंगाल २,११४, गुजरात १,१७५ आणि आपण ३२४.

२. मिठाच्या पाण्यात ही झाडं मरत कशी नाहीत?

प्रत्येकाची युक्ती वेगळी. कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं, आत घेतच नाही. तिवर घेतं आणि पानांतून बाहेर टाकतं. उन्हाळ्यात दुपारी तिवराचं पान हातात घेऊन तिरपं धरा, बारीक पांढरे कण चमकताना दिसतील, जीभ लावली की खारट. लहान पोरांना हे एकदा करायला लावलं की पुढचा तासभर ती पानंच चाटत फिरतात.

पण मीठ हा अर्धाच त्रास, खरी अडचण श्वासाची. खाडीच्या चिखलात बोटभर खाली गेलात की ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, म्हणून तिवर आणि चिप्पीची मुळं जमिनीतून सरळ वर येतात, ओहोटीला चिखलभर जी खुंटं उभी दिसतात ती हीच. त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात, पाणी उतरलं की त्यातून हवा आत जाते. ही मुळं बुजली की झाड गुदमरून मरतं, कुऱ्हाड लावावीच लागत नाही, आणि हे ज्यांना माहिती असायला नको त्यांनाच नेमकं माहिती असतं (प्रश्न १५). ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं आदळली तेव्हा तेल खाड्यांत शिरून याच मुळांवर बसलं होतं.

कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं, शेवग्याच्या शेंगेसारखं हिरवं लांबडं लटकत राहतं आणि मग खाली पडून चिखलात रुततं, नाहीतर पाण्याबरोबर दुसरीकडे जातं.

आणि हो, यांना खारं पाणी लागतंच असं नाही. गोड्या पाण्यातही जगतात, फक्त तिथे बाकीची झाडं यांना टिकू देत नाहीत.

३. समुद्री गवत म्हणजे किनाऱ्यावर वाहून येतं ते शेवाळ ना?

नाही, आणि हा गोंधळ अगदी बातम्यांमध्येही असतो. शेवाळाला खरी मुळं नसतात, फुलं नसतात, ते दगडाला चिकटून नाहीतर तरंगत जगतं. समुद्री गवत ही सपुष्प वनस्पती आहे, म्हणजे मूळ, खोड, पान, फूल, बी सगळं, आणि बऱ्याच जातींत परागीकरणही पाण्याखालीच. याचे पूर्वज जमिनीवरचेच, नंतर समुद्रात परत गेलेले. वाळूत किंवा चिखलात आडवं खोड पसरत जातं, त्याला वर पात्या फुटतात, खाली मुळं गाळ धरून ठेवतात.

फरक कामाचा आहे कारण सरकारी योजनांमध्ये ‘समुद्री शेवाळ शेती’ चालू आहे आणि लोकांना वाटतं त्याने गवत वाढतंय. कप्पाफायकस नावाचं बाहेरून आणलेलं शेवाळ तमिळनाडूत लावलं जातं, तेच मन्नारच्या आखातात प्रवाळावर पसरल्याचं आढळलंय. दोन्ही हिरवं किंवा तपकिरी आणि दोन्ही पाण्यात, म्हणून एकच समजू नका.

४. मग कोकणात पोहताना कधी दिसलं कसं नाही?

कारण या गवताला उजेड लागतो, आणि आपलं पाणी गढूळ. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, वर लाटांचा मार, खाड्यांमध्ये गोडं पाणी घुसतं. मोठमोठी कुरणं उथळ, निवांत, नितळ पाण्यात होतात, म्हणजे आपल्या देशात पाल्कचा उपसागर, मन्नारचं आखात, लक्षद्वीपचे लगून (प्रवाळाच्या भिंतीआडचं उथळ पाणी), अंदमान-निकोबार, थोडं कच्छच्या आखातात.

अगदीच नाही असं मात्र नाही. हॅलोफिला बेकारी नावाची बारकुशी जात गोव्यात मांडवी, शापोरासारख्या नद्यांच्या मुखाशी चिखलावर उगवते, खारफुटीच्या अगदी पायाशी. पान एवढंसं की चिखलावर हिरवट छटा दिसते आणि आपण तुडवून पुढे जातो. जगात ही जात संकटग्रस्त यादीत आहे.

५. मासळीशी संबंध असतो म्हणतात तो नेमका काय?

कोळीवाड्यात कुणालाही विचारा, पुस्तक लागणार नाही. कोळंबी अंडी घालते समुद्रात, पण पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, मुळांच्या गचपणात लपतात, सडलेल्या पानांवर जे जगतं ते खातात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. चिंबोरीचं उलट, आयुष्य चिखलात, मादी अंडी सोडायला बाहेर समुद्रात. बोय, निवटी, कालवं सगळ्यांचा कारभार याच पट्ट्यात.

अलिबाग-पेणकडचा जिताडा घ्या, ज्याच्यासाठी लोक वाट्टेल तो भाव देतात. त्याची पिल्लं खाडीत आणि खारफुटीच्या ओढ्यांमध्ये वाढतात. गंमत म्हणजे जिताडा आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की त्यातल्या बऱ्याच माशांची मादी होते, त्यामुळे सगळेच मोठे जिताडे बाजारात गेले तर अंडी घालायला कोण उरणार. खाडी बुजली की जिताडा जातो आणि मग आपण म्हणतो पूर्वीसारखी मासळी राहिली नाही बुवा.

६. खारफुटी, गवत, प्रवाळ यांची नावं नेहमी एकत्रच का घेतात?

कारण जिथे तिन्ही आहेत तिथे एकाचं काम दुसऱ्याच्या जिवावर चालतं. जमिनीवरून आलेला गाळ खारफुटी बराचसा अडवते, उरलेला गवताच्या पात्यांमध्ये बसतो, आणि मग पुढे प्रवाळाला लागतं तसं नितळ पाणी मिळतं. उलट बाजूने प्रवाळाची भिंत लाटा मोडते म्हणून आत गवताला शांत पाणी.

मासेही असेच फिरतात. कॅरिबियनमध्ये २००४ साली छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की जवळ खारफुटी असलेल्या प्रवाळांवर काही जातींच्या माशांचं वजन दुपटीहून जास्त होतं, आणि एक मोठा पोपटमासा तर खारफुटी तोडल्यावर त्या भागातून संपलाच. इंडोनेशियात २०१७ च्या अभ्यासात समुद्री गवत असलेल्या पाण्यात रोगकारक जंतू निम्म्याने कमी सापडले आणि शेजारच्या प्रवाळाला रोगही कमी. म्हणून फक्त झाडं वाचवली आणि पुढचं गवत ड्रेजिंगमध्ये (तळाचा गाळ यंत्राने उपसण्यात) गेलं तर ते अर्धंच काम झालं.

७. समुद्रगाय खरंच भारतात आहे?

आहे, पण थोडी. ड्युगाँग म्हणतात ती हीच, मन्नार-पाल्क, अंदमान-निकोबार आणि कच्छच्या आखातात. जवळजवळ फक्त समुद्री गवतावर जगते, मोठं जनावर दिवसाला ३० ते ४० किलो चरतं. चरताना मुळासकट उपटत सरळ पुढे जाते, तळावर लांबच लांब उघडा पट्टा राहतो, पाणबुडे तो पट्टा बघून सांगतात की इथे आली होती. पिल्लू एकावेळी एकच आणि तेही कित्येक वर्षांच्या अंतराने, त्यामुळे जाळ्यात अडकून एखादी मेली तरी भरपाई व्हायला फार काळ जातो. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं ड्युगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं, देशातलं पहिलंच.

कोकणात दिसेल का असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. नाही, कारण प्रश्न ४ मध्ये.

८. ‘ब्लू कार्बन’ वगैरे किती खरं किती मार्केटिंग?

ब्लू कार्बन म्हणजे खारफुटी, समुद्री गवत यांनी खाली चिखलात साठवलेला कार्बन. मुळात खरं आहे. जंगलात पान पडलं की कुजून त्यातला बराचसा कार्बन परत हवेत जातो. खाडीच्या चिखलात ऑक्सिजन नाही, त्यामुळे कुजणं इतकं मंद की पानं-मुळं शेकडो वर्षं तशीच गाडलेली राहतात. २०११ मध्ये हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या २५ खारफुटी वनांची मोजणी प्रसिद्ध झाली, हेक्टरी सरासरी हजार टनांच्या वर कार्बन आणि त्यातला बहुतेक जमिनीखाली. समुद्री गवताने तर समुद्रतळाचा ०.२ टक्क्यांहूनही कमी भाग व्यापलाय, तरी समुद्रात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या कार्बनचा साधारण दहावा हिस्सा त्याच्या नावावर धरतात.

मार्केटिंग कुठे येतं, तर ती हजार टनांची सरासरी उचलून कोणत्याही चार वर्षांच्या तिवराच्या लागवडीला चिकटवली जाते. तो साठा शेकडो वर्षांच्या चिखलाचा आहे, रोपाचा नाही. आणि उलटंही, जुनी खारफुटी खणून भराव घातला की फक्त झाडं जात नाहीत, खालचा चिखल उघडा पडून तो कार्बन परत हवेत जायला लागतो.

९. त्सुनामी आणि चक्रीवादळापासून वाचवतात ना?

काही गोष्टींपासून, काही प्रमाणात. इथे जरा सावकाश वाचा कारण व्हॉट्सॲपवर फार फेकाफेक चालते.

रोजच्या वाऱ्याच्या लाटा: हो, चांगलंच. १०० मीटर रुंद पट्टा लाटेची उंची १३ ते ६६ टक्के कमी करतो असं अभ्यासांत मिळतं, झाडं किती दाट आणि पाणी किती खोल यावर आकडा हलतो. वादळात समुद्र फुगून आत येतो त्याला मात्र शंभर मीटर पुरत नाहीत, ते पाणी दर किलोमीटरला ५ ते ५० सेंटिमीटर एवढंच उतरतं, म्हणजे रस्त्याकडेची दोन ओळी तिवरं काही करणार नाहीत. वारा तर वरूनच जातो, जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या त्या वाऱ्याने.

सगळ्यात चांगला पुरावा ओडिशाचा आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रापाडा जिल्ह्यातली शेकडो गावं तपासली, ज्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा पट्टा रुंद होता तिथे मृत्यू कमी झाले होते. पण त्याच अभ्यासात हेही आहे की वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने त्याहून जास्त जीव वाचले. हा दुसरा भाग फॉरवर्ड करताना कापला जातो. २००४ च्या त्सुनामीबद्दलचे दावे जास्त वादाचे आहेत, कारण जी गावं वाचली ती समुद्रापासून लांब आणि उंचावरही होती, मग श्रेय कुणाचं.

१०. आमच्या सोसायटीमागे खारफुटी आहे, वास येतो आणि डास होतात, त्यामुळेच ना?

सडक्या अंड्याचा वास चिखलातल्या हायड्रोजन सल्फाइडचा, ओहोटीला थोडा येणारच. पण मुंबई-ठाण्यात आपण ज्याला खाडीचा वास म्हणतो त्यात नाल्यातून आलेलं सांडपाणी किती आहे ते एकदा नाल्याच्या तोंडाशी उभं राहून बघा. डासांचं असं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या जाती आहेत, पण डेंग्यूचा डास घराजवळ साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, कूलर, कुंडीखालची बशी, गच्चीवरचा टायर. भरती-ओहोटीचं पाणी वाहतं असेल तर मासे अळ्या खातात. भराव घालून पाणी कोंडलं की डबकी होतात आणि मग डास वाढतात, म्हणजे उपाय म्हणून जे करतात त्यानेच त्रास वाढतो.

११. आम्हाला कंपनीतर्फे हजार रोपं लावायची आहेत, कुठे लावू?

बहुतेक वेळा माझं उत्तर: लावू नका, कचरा काढा. खूप लोकांना राग येतो.

जिथे खारफुटी उगवू शकते तिथे बिया भरतीबरोबर आपोआप येतात आणि फुकट रुजतात. जिथे मोकळी जागा दिसते तिथे ती मोकळी असायला काहीतरी कारण असतं, एकतर पाणी अडलंय किंवा जागा फार खोल आहे किंवा ती मुळात चिखलपट्टी नाहीतर गवताचं कुरण आहे. फिलिपिन्समध्ये वर्षानुवर्षं हेच झालं, ओहोटीला रिकामी दिसणारी जागा धरून रांगेने कांदळाची रोपं टोचली, कित्येक ठिकाणी चक्क समुद्री गवतावर, बहुतेक मेली आणि गवतही तुडवलं गेलं. खरी दुरुस्ती म्हणजे बुजलेली नाळ मोकळी करणं, मोरी रुंद करणं, भराव काढणं, म्हणजे पाणी पूर्वीसारखं आत-बाहेर व्हायला लागतं. त्यात फोटो चांगले येत नाहीत हे मान्य. तरीही लावायचीच असतील तर परस्पर नको, वन विभागाच्या कांदळवन कक्षाला विचारा, तो २०१२ पासून त्याच कामासाठी आहे.

१२. म्हणजे खारफुटी वाढली तर ते वाईटही असू शकतं?

हो. ठाणे खाडी बघा, २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. इथल्या ‘लहान फ्लेमिंगो’ या जातीला तिवरं नको असतात, त्यांना उघडी चिखलपट्टी पाहिजे, कारण त्यांचं खाणं त्यावरचं सूक्ष्म शेवाळ. वरून गाळ येतोय, खाडी उथळ होतेय, उथळ झाली की तिवरं पुढे सरकतात आणि पट्टी अरुंद होते. नकाशात हिरवा रंग वाढलेला दिसतो, बातमी येते ‘कांदळवन वाढलं’, आणि पक्ष्यांची जागा कमी झालेली असते. याचा अर्थ तोडा असा मुळीच नाही, गाळ कुठून येतोय ते बघा असा आहे. कोणी हे उत्तर अर्धं कापून बिल्डरच्या बाजूने वापरलं तर वरचं वाक्य दाखवा.

१३. कासवं समुद्री गवत संपवतात हे खरं का?

लक्षद्वीपमध्ये झालंय. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरव्या कासवांची गर्दी इतकी झाली की गवत चरून चरून पात्या आखूड, मग विरळ, मग नुसती वाळू, आणि कासवं पुढच्या बेटांकडे सरकली. गवत गेलं तसे त्यातले मासे कमी झाले आणि मच्छीमार कासवांवर चिडले, त्यांचंही चुकीचं नाही. कासवांना कायद्याचं संरक्षण मिळालं ते चांगलंच झालं, पण त्यांना खाणारे मोठे शार्क कमी झाले हे एक कारण मानतात, शिवाय चरायच्या जागा उरल्यात थोड्याच म्हणून सगळी एका ठिकाणी.

१४. आमच्या भातशेतीत खारं पाणी शिरून तिवरं उगवली, आता ती आमचीच जमीन तोडता येत नाही म्हणतात. हा कुठला न्याय?

रायगडमधून हा प्रश्न सतत येतो आणि यात शेतकऱ्याची बाजू लंगडी नाही. खारजमीन म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेलं शेत, तिचं सगळं गणित बांधावर. बांधाला खांड (भगदाड) पडली, उघडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) नादुरुस्त झाली आणि दुरुस्ती वेळेत झाली नाही की भरतीचं पाणी शेतात, एक-दोन वर्षांत पीक गेलं, चार-पाच वर्षांत तिवरं गुडघ्याच्या वर. एकदा ती उभी राहिली की जमीन खाजगी असली तरी संरक्षण लागू होतं.

म्हणून जे काही करायचं ते खांड पडल्यापडल्या. त्याच आठवड्यात तलाठ्याकडून पंचनामा, खारभूमी विभागाला लेखी अर्ज, पोच घेतलेली प्रत जपून, तारखेसह फोटो. नंतर स्वतः तोडलीत तर गुन्हा तुमच्यावर, बांध कोणी सांभाळला नाही हे तेव्हा कोणी विचारत नाही. आणि आपण खारफुटीवाल्यांनीही ‘वाढली, छान झालं’ म्हणण्याआधी कुणाचं भात गेलं ते विचारावं.

१५. कोणी तोडत असेल किंवा डेब्रिज टाकत असेल तर?

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर तोडीवर बंदी घातली, सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती पक्की केली, आणि खारफुटीभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम आणि डेब्रिज दोन्ही बंद. तक्रार कांदळवन कक्ष, तहसीलदार, पोलीस कुठेही करता येते. फोटोत लोकेशन आणि तारीख येऊ द्या, गाडीचा नंबर मिळाला तर उत्तम, रात्री एकट्याने अडवायला जाऊ नका.

एक गोष्ट लोक हमखास सोडतात: तोड नसते, पण बांध घालून किंवा मोरी बुजवून भरतीचं पाणी अडवलेलं असतं. काही महिन्यांत झाडं वाळतात आणि मग ‘रोगाने गेली’. तक्रारीत ‘पाणी अडवलं’ हे स्पष्ट लिहा आणि अडवल्याची जागा दाखवा.

१६. मग सरकारी प्रकल्पांना परवानगी कशी मिळते? आणि तिप्पट लावली तर भरून निघतं ना?

त्याच निकालात वाट ठेवलीय, जनहिताचा प्रकल्प असेल तर उच्च न्यायालयाची परवानगी. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये अशीच सुमारे २० हजार झाडांना मिळाली. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवर काय बांधता येतं याच्या नियमांतही तिप्पट भरपाई लागवडीची अट आहे.

भरून निघत नाही. रोपं मोजता येतात म्हणून मोजतात, खालचा चिखल (प्रश्न ८), त्या ओढ्यातली कोळंबी (प्रश्न ५), ज्या गावाची खाडी गेली ते गाव, यातलं काहीच दुसऱ्या तालुक्यातल्या लागवडीने परत येत नाही. आणि ती तिप्पट जागा आणायची कुठून, हे प्रश्न ११ वाचलात तर कळेल.

१७. समुद्री गवत परत लावता येतं?

येतं, कष्टाने. पाल्कच्या उपसागरात बांबूच्या चौकटींना काथ्याची दोरी ताणून त्यात गवताचे कोंब अडकवून तळावर ठेवतात, मुळं धरेपर्यंत चौकट टिकते आणि नंतर कुजून जाते. पण पाणी गढूळच राहिलं किंवा ट्रॉलरची जाळी वरून घासत राहिली तर सगळं वाया. आधी गढूळपणा थांबायला पाहिजे.

१८. बघायला कुठे जाऊ?

ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून हंगामात फ्लेमिंगोसाठी बोटी सुटतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायकांचा बचत गट होडीतून कांदळवन सफारी घडवतो, वल्हं त्याच मारतात, माहितीही त्याच देतात, माझी पहिली पसंती तीच. मुळं बघायची असतील तर ओहोटीची वेळ काढून जा, होडी पाहिजे असेल तर भरतीची, कॅलेंडरवर तिथीसोबत बघून घ्या. चपला जुन्या घाला, चिखलातली कालवं पाय कापतात. गवतासाठी लक्षद्वीप किंवा अंदमान, आणि तिथे स्नॉर्कलिंग करताना उथळ पाण्यात उभे राहू नका, पायाखाली बहुतेक तेच असतं.